सहा लाख पौंडांतलं जादूचं राज्य: ‘हॉक द स्लेअर’चं प्रकरण

१९८० सालच्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमधल्या थिएटरांत ‘हॉक द स्लेअर’ लागला. दीड तासाचा सिनेमा. थोरला भाऊ दुष्ट, धाकटा सुष्ट. थोरला बापाचा जीव घेतो, मरता मरता बाप धाकट्याच्या हाती मंतरलेली तलवार देतो, आणि धाकटा एक धिप्पाड हातोडेवाला, एक बुटका, एक धनुर्धर, एक हात गमावलेला सैनिक आणि एक चेटकीण यांना हाताशी धरून सूड उगवायला निघतो. खर्च आला सुमारे सहा लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने चौदा लाख डॉलरच्या आसपास. तीन वर्षं आधी आलेल्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ला एक कोटी दहा लाख डॉलर लागले होते, आणि प्रेक्षक तिकीट काढताना मनात त्याचीच फूटपट्टी घेऊन येत होता.

सिनेमा चांगला आहे असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण कमी पैशात तलवारी आणि जादूटोण्याचा सिनेमा करायचा म्हणणाऱ्या कुणालाही मी आधी हाच बघायला सांगतो. कारण इथे पैशाची ओढाताण झाकलेली नाही. तीच माणसं, तेच बजेट, तेच सहा आठवड्यांचं शूटिंग. त्यात काही निर्णय इतके अचूक की आजही शिकावेत, आणि काही असे की हसू आवरत नाही. एकाच ताटात दोन्ही वाढलेलं असल्यामुळे तुलना सोपी जाते.

दोन माणसं, पाच कामं

दिग्दर्शक टेरी मार्सेल. दिग्दर्शनात नवाच म्हणायचा, पण त्याआधी अनेक वर्षं त्याने सहायक दिग्दर्शक म्हणून मोठमोठ्या युनिटांत काढली होती. पीटर सेलर्सच्या ‘पिंक पँथर’ चित्रपटांवरही तो होता. सहायक दिग्दर्शकाचं काम ज्यांनी केलंय त्यांना हा मुद्दा वेगळा सांगायला नको. कलाकार किती वाजता सेटवर हवा, मेकअपला किती वेळ जाणार, घोडा बिथरला तर मधल्या वेळात कोणता शॉट काढून घ्यायचा, दिवस नेमका कुठे वाया जातो, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. कलेचं सोडा, पण घड्याळ त्याला कळतं.

निर्माता हॅरी रॉबर्टसन. हा मूळचा संगीतकार, स्कॉटलंडचा. १९५८ साली ‘लॉर्ड रॉकिंगहॅम्स इलेव्हन’ या बँडच्या ‘हूट्स मॉन’ने ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला नंबर पटकावला, त्यामागे हाच होता. पुढे हॅमर कंपनीच्या भयपटांना त्याने संगीत दिलं. ‘हॉक’ची पटकथा या दोघांनी मिळून लिहिली, एकाने दिग्दर्शन केलं, दुसऱ्याने निर्मिती सांभाळली आणि संगीतही दिलं. पाच कामं, दोन माणसं. यात मानधन वाचतं ते वाचतंच, पण त्याहून मोठी बचत वेगळी आहे. लेखकच दिग्दर्शक आणि दुसरा लेखकच निर्माता असला की ‘हा प्रसंग परवडणार नाही’ हे वाक्य सेटवर ऐकावं लागत नाही, ते लिहिण्याच्या टेबलावरच बोलून होतं.

त्या टेबलावर काय ठरलं असेल हे सिनेमा बघताना दिसतं. खलनायक व्होल्टन हा म्हणायला काळोखाचा स्वामी. त्याच्या मागे अदृश्य सैतानी शक्ती आहेत. पण हा माणूस करतो काय, तर एका मठातल्या मठाधिकारिणीला पळवून नेतो आणि खंडणी मागतो, दोन हजार सोन्याची नाणी! जग जिंकायची भाषा नाही, राजधानीला वेढा नाही, दहा हजारांची फौज नाही. काळोखाच्या स्वामीची महत्त्वाकांक्षासुद्धा बजेटमध्ये बसवलेली. हे वाचून हसू येईल, पण पटकथेच्या दृष्टीने हा फार शहाणा निर्णय आहे. खंडणीमुळे कथा एका मठाभोवती बांधली गेली. मठ म्हणजे एक सेट, आत चार जोगिणी, दारात सहा माणसं. लढाई मठातच होणार, वाटाघाटी मठातच होणार, दगाफटकाही मठातच.

बाकी सांगाडा ओळखीचा आहे. सूडाला निघालेला एकटा वीर, वेगवेगळ्या कसबाचे सोबती एकेक करून गोळा करणं, दुबळ्यांच्या वस्तीचं रक्षण. जपानी सामुराईपटांतून वेस्टर्नमध्ये आलेला आणि तिथून आपल्याकडे रामगढला पोचलेला हाच तो सांगाडा. कमी पैशात असला घासूनपुसून तयार झालेला सांगाडा घेण्यात कमीपणा नाही. प्रेक्षकाला समजावून सांगण्यात फिल्मचे फूट खर्च होत नाहीत, आणि फिल्मचा प्रत्येक फूट म्हणजे पैसा.

एक चलाखी मला विशेष आवडते. हॉकला त्याचे जुने सोबती शोधायचे आहेत आणि ते तीन दिशांना विखुरलेले आहेत. साध्या हिशेबाने इथे प्रवास दाखवावा लागतो: डोंगर, नदी, पूल, घोड्यांच्या टापा. इथे चेटकीण त्याला जादूने थेट तिकडे पोचवते. प्रवासाचा आख्खा खर्च एका मंत्रात गायब. जादू कथेसाठी आणली की कॉल शीटसाठी, म्हणजे शूटिंगच्या रोजच्या वेळापत्रकासाठी, हा प्रश्न मी विचारणार नाही.

भिंतीपलीकडचं जंगल

शूटिंग झालं बकिंगहॅमशरमध्ये, पाइनवुड स्टुडिओत आणि आसपासच्या रानात. पाइनवुडला लागूनच ब्लॅक पार्क नावाचं रान आहे. ब्रिटिश सिनेमावाल्यांनी या रानाला काय काय बनवलं नाही! हॅमरच्या भुताखेतांच्या सिनेमांतलं मध्य युरोपातलं अरण्य म्हणजे बहुतेक वेळा हेच. जेम्स बाँडची गाडीही इथल्या झाडांमधून पळालेली आहे. आपल्याकडे गोरेगावच्या चित्रनगरीतल्या त्याच त्या रस्त्याने आणि त्याच त्या उतारावर जसं काश्मीरपासून चंबळपर्यंत सगळं उभं राहिलं, तसंच.

युनिट हलवायला काय लागतं हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. जनरेटर, लाइट, कॅमेरा, कपडेपट, मेकअप, घोडे आणि त्यांचे मोतद्दार, शिवाय पन्नास-साठ माणसांचं जेवण आणि राहणं. स्टुडिओपासून शंभर किलोमीटरवर सुंदर किल्ला मिळाला तरी जाण्या-येण्यात आणि मांडामांडीत जे दिवस जातात त्यांची भरपाई तो किल्ला करत नाही. सहा आठवडे म्हणजे आठवड्याला पाच किंवा सहा दिवस धरले तर तीस ते छत्तीस दिवस. नव्वद मिनिटांचा सिनेमा त्यात बसवायचा तर रोज अडीच ते तीन मिनिटांचं फुटेज हातात पडलं पाहिजे. मालिकावाल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण तलवारबाजी आहे, घोडे आहेत, धूर आहे, आणि हे सगळं फिल्मवर. ज्या दिवशी युनिट फक्त प्रवास करतं त्या दिवशी तीन मिनिटं गेली, ती परत येत नाहीत.

मग एकाच रानाची पाच राज्यं कशी करायची? धुराने. या सिनेमात धूर नाही असा रानातला प्रसंग शोधावाच लागतो. सरळ वाढलेल्या झाडांची एकसारखी खोडं, खाली पालापाचोळा, आणि मधून तरंगणारं धुकं. धुराचा खरा उपयोग वातावरणासाठी कमी आणि लपवण्यासाठी जास्त. वीस पावलांपलीकडचं दिसेनासं झालं की तिथे काय नाही हेही दिसत नाही. मागची पायवाट, कुंपण, फिरायला आलेल्या माणसाचा कुत्रा, सगळं गडप. कॅमेरा जरा वळवला आणि मागून प्रकाश मारला की तीच जागा दुसऱ्या मुलखात गेली. छायालेखक पॉल बीसन हा जुना, मुरलेला माणूस होता. मागून येणारा प्रकाश, पुढे धूर, मध्ये घोडेस्वाराची काळी आकृती, एवढ्यावर त्याने कितीतरी प्रसंग काढून दिलेत, आणि ते अजूनही देखणे दिसतात.

धुराचा जाच मात्र ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. वारा फिरला की धूर निघून जातो. पहिल्या शॉटला दाट, दुसऱ्याला विरळ, आणि दोन्ही जोडले की एका वाक्यात हवामान बदलतं. त्यामुळे धूर सोडणारा माणूस आणि दिग्दर्शक दोघंही वाऱ्याकडे डोळे लावून बसतात. ‘हॉक’मध्ये हे सगळीकडे जमलेलं नाही. पण कथाच चेटकाची असल्यामुळे अचानक दाटलेलं धुकं कुणी मनावर घेत नाही.

पैसे गेले ते चेहऱ्यांवर

व्होल्टनच्या भूमिकेत जॅक पॅलन्स. हॉलिवूडचा नावाजलेला खलनायक, पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा, १९५३च्या ‘शेन’साठी ऑस्करचं नामांकन मिळालेला. अशा बजेटमध्ये असं एक नाव लागतंच. पोस्टरवर ते छापता येतं, परदेशी वितरकाशी बोलताना ते पुढे करता येतं. बाकीचं युनिट काटकसर करतं ते याच एका चेहऱ्यासाठी.

आता गंमत बघा. पॅलन्सचा जन्म १९१९चा. नायक हॉक झालेला जॉन टेरी १९५०चा. हे दोघे सख्खे भाऊ! आणि त्यांच्या बापाच्या भूमिकेत फर्डी मेन, जन्म १९१६. म्हणजे बाप थोरल्या मुलापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि थोरला मुलगा धाकट्यापेक्षा एकतीस वर्षांनी. कथेत तर दोघा भावांचं एकाच मुलीवर प्रेम होतं. निर्मात्यांना हे दिसलं नसेल असं नाही. त्यांनी ठरवलं की पॅलन्स हवाच, वयाचं गणित प्रेक्षकावर सोडू. मला हा सौदा बरोबर वाटतो. सुरुवातीच्याच प्रसंगात पॅलन्स बापासमोर उभा राहून आधी कुजबुजतो आणि मग एकदम किंचाळतो, तेव्हा जन्मतारखा बघायला कुणी थांबत नाही. अर्धा चेहरा शिरस्त्राणाखाली, भाजलेला, दुखरा. दिसतो तो अर्धाच, पण सगळा अभिनय तिथेच कोंबलेला. तो एखाद्या दुसऱ्याच, फार मोठ्या सिनेमात काम करत असल्यासारखा वागतो आणि तेच या सिनेमाच्या कामी येतं. शिवाय शिरस्त्राण असलं की लांबच्या शॉटमध्ये आत कोण आहे याची चौकशी होत नाही, हा फायदा वेगळाच.

नायकाचं उलटं. जॉन टेरी पुढे बाँडपटात आणि ‘लॉस्ट’ मालिकेत दिसला, चांगला नट आहे. पण इथे त्याच्या वाट्याला फक्त रोखून बघणं आलंय. वेस्टर्नमधला अबोल नायक करायचा होता हे उघड आहे. अबोल नायकाला डोळ्यांत काहीतरी इतिहास लागतो. तिशीच्या कोवळ्या चेहऱ्यावर तो उमटत नाही, मग कॅमेरा कितीही जवळ न्या.

खरी हुशारी आहे बाकीच्या भूमिकांत. धिप्पाड गॉर्ट झालाय बर्नार्ड ब्रेसलॉ, जवळजवळ दोन मीटर उंचीचा, ‘कॅरी ऑन’ विनोदपटांमुळे घराघरांत माहीत असलेला. चेटकीण पॅट्रिशिया क्विन, ‘रॉकी हॉरर’वाली. मठाधिकारिणी अ‍ॅनेट क्रॉस्बी, खानावळवाला रॉय किनिअर, वरिष्ठ धर्मगुरू हॅरी अँड्र्यूज, आणखी एका धर्मगुरूच्या वेशात पॅट्रिक मॅगी, किरकोळ गुंडांत वॉरन क्लार्क. ब्रिटिश प्रेक्षकाला यांतला जवळपास प्रत्येक चेहरा नाटकातून किंवा टीव्हीवरून माहीत होता. पटकथेत हे लोक कसे वाटलेत ते बघण्यासारखं आहे. किनिअर फक्त खानावळीत. अँड्र्यूज फक्त त्याच्या दालनात. मॅगी एका ठिकाणी. प्रत्येकाचं काम एका जागी सुरू होऊन तिथेच संपतं. असा प्रसंग लिहिला की नामवंत नटाच्या मोजक्याच तारखा मागाव्या लागतात. दर दहा मिनिटांनी ‘अरे, हा इथे!’ असं प्रेक्षकाला वाटत राहतं आणि सिनेमा आहे त्याहून भरलेला भासतो. मराठीत लहान बजेटचे सिनेमे हेच करतात. एका दिवसाची तारीख देणारा मोठा नट सरपंच होऊन येतो नि जातो. फक्त आपल्याकडे तो बहुधा कथेच्या कडेला राहतो. इथे किनिअर किंवा मॅगी काढून टाकले तर कथेचा सांधा निखळतो.

आणि चेहऱ्यांचा आणखी एक उपयोग. क्लोजअपला सेट लागत नाही. लढाई सुरू व्हायच्या आधी हॉकचे डोळे, गुंडाचे डोळे, मुठीवरची बोटं, पुन्हा डोळे, असं हा सिनेमा भरपूर वेळ काढतो. इटालियन वेस्टर्नची ही पद्धत, आणि त्यातही गरिबीतून आलेली शैली होतीच. मागे भिंत अर्धीच बांधलेली असली तरी डोळ्यांच्या क्लोजअपमध्ये तिचा पत्ता लागत नाही.

क्रोचे बाण

आता या सिनेमातली सगळ्यात चांगली गोष्ट. धनुर्धर क्रो हा त्याच्या जमातीतला शेवटचा माणूस, भावनाशून्य, सपाट आवाजात बोलणारा. भूमिका रे चार्ल्सनची. त्याची ख्याती अशी की तो माणसाच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने बाण सोडतो. पटकथेत हे एक वाक्य आहे. पडद्यावर ते कसं आणायचं?

आज हे संगणकावर होईल. १९८०मध्ये पैसा असता तर यंत्र लावलेलं धनुष्य, तारांवरून सोडलेले बाण, दोन-तीन कॅमेरे आणि आठवडाभराचा सराव लागला असता. यांनी एक शॉट घेतला. क्रो कॅमेऱ्यासमोर, प्रत्यंचा ओढलेली, बाण सुटतो. कपडे तेच, प्रकाश तोच, चौकट तीच. एडिटिंगच्या टेबलावर त्या शॉटच्या प्रती काढून एकामागोमाग एक जोडल्या. भात्याकडे जाणारा हात, बाण काढणं, लावणं, नेम धरणं, हे सगळं कापून टाकलं. उरलं फक्त ओढलं, सुटलं, ओढलं, सुटलं.

फिल्म सेकंदाला चोवीस चौकटींनी पळते. आठ चौकटींचा तुकडा म्हणजे एक तृतीयांश सेकंद. असे सहा तुकडे जोडले की दोन सेकंदांत सहा बाण. प्रत्येक तुकड्याबरोबर प्रत्यंचेचा टणत्कार आला की कान डोळ्याला पटवून देतो. मध्ये एखाददुसरा पडणारा गुंड दाखवला की हिशेब पुरा. खर्च काय, तर प्रती काढायचे पैसे आणि एडिटरचा वेळ.

नीट बघितलं तर तोच शॉट पुन्हा येतोय हे कळतं. बाण तोच, बोटं तशीच, हालचाल हुबेहूब. कित्येक जण यावर हसतातही. माझं मत वेगळं आहे. तो हुबेहूबपणाच तिथे कामाचा ठरतो. माणूस दोनदा एकच हालचाल तंतोतंत करू शकत नाही. क्रो करतो, म्हणून तो माणसापेक्षा वेगळा वाटतो. एडिटमधली अडचण पात्राचा स्वभाव होऊन बसली. हात गमावलेल्या रॅनल्फच्या यांत्रिक आडव्या धनुष्यालाही हीच युक्ती लावली आहे, तिथेही चालते, कारण ते यंत्रच आहे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ बघत मोठ्या झालेल्या पिढीला हे वेगळं समजावायला नको. समोरासमोर आलेले दोन बाण आकाशात थबकायचे, एकाचे पाच व्हायचे, आणि आपण श्वास रोखून बसायचो. ते खोटं आहे हे तेव्हाही कळत होतंच की.

आणि पिंगपाँगचे चेंडू

याच सिनेमात, याच माणसांनी, चेटकिणीची जादूही दाखवली आहे. ती हॉकला दुसरीकडे पाठवते तेव्हा त्याच्याभोवती चमकणारी कडी फिरतात. मठावरच्या हल्ल्यात ती शत्रूंवर प्रकाशाचे गोळे सोडते. आणखी एका ठिकाणी तिच्या मंत्राने चिकट धागे उडून माणसांना गुरफटतात. आता बघणाऱ्याला दिसतं काय? कमरेभोवती फिरवायची खेळण्यातली हूला हूपची कडी, पिंगपाँगचे चमकते चेंडू, आणि वाढदिवसाच्या पार्टीत डब्यातून फवारतात तो रंगीत दोरा. गेली चाळीस वर्षं या सिनेमाची थट्टा होते ती मुख्यतः या तीन गोष्टींवरून.

बाण जमले आणि चेंडू फसले, याचं कारण केवळ पैसा नाही, दोन्हीकडे पैसा सारखाच कमी होता. बाणांच्या प्रसंगात वस्तू खऱ्या आहेत. धनुष्य खरं, बाण खरा, माणूस खरा. खोटा आहे तो फक्त काळ, आणि काळाच्या बाबतीत डोळा सहज फसतो. जादूच्या प्रसंगात वस्तूच खोटी आणि ती कॅमेऱ्यासमोर धरलेली. पिंगपाँगच्या चेंडूचा आकार, त्याचं हलकेपण, तो उसळतो कसा, हे दहा वर्षांच्या पोराच्या हाताला ठाऊक असतं. त्याला चमकवलं, अंधार केला, धूर सोडला, तरी हात ओळखतोच. दुसरं म्हणजे या प्रसंगांत जादूचा मारा सलग दिसत राहतो. त्याऐवजी एक लखलखाट, मग फक्त घाबरलेले चेहरे, मग जमिनीवर पडलेली माणसं, एवढं ठेवलं असतं तर? बाणांसाठी ज्या टेबलावर इतकी करामत केली त्याच टेबलावर हेही करता आलं असतं. पण जादूचा सिनेमा आहे तर जादू दिसलीच पाहिजे, हा दबाव निर्मात्यावर असतोच. विकणाऱ्यांना ट्रेलरमध्ये घालायला काहीतरी चमकणारं हवं असतं.

तलवारीच्या बाबतीत मात्र त्यांनी शहाणपणा दाखवला. हॉकच्या तलवारीची मूठ माणसाच्या हातासारखी आहे. त्या धातूच्या पंजात शेवटचा मनोमणी, म्हणजे मनाच्या हुकमाने चालणारा जादूचा मणी, येऊन बसतो आणि बोटं त्याच्यावर मिटतात. मग मणी हिरवा उजळतो आणि हॉकने मनात आणलं की तलवार हलते, उडून हातात येते. असं उडून हातात येणं दाखवायची जुनी रीत म्हणजे वस्तू हातातून दूर जाताना टिपायची आणि फिल्म उलटी चालवायची. लुमिएर बंधूंनी पाडलेली भिंत पुन्हा उभी राहताना दाखवली तेव्हापासूनची ती करामत. मुद्दा असा की नायकाच्या हातात जी वस्तू दीड तास दिसणार आहे तिच्यावर त्यांनी डोकं आणि पैसा दोन्ही लावले. पंजाची ती मूठ एकदा बघितली की लक्षात राहते. या सिनेमाचं नाव विसरलेले लोकही ‘तो हाताच्या मुठीच्या तलवारीचा सिनेमा’ असं म्हणतात.

संगीताबद्दल थोडक्यात. रॉबर्टसनने सिंथेसायझर, डिस्कोचा ठेका आणि वेस्टर्नमधली शीळ यांचं मिश्रण केलं. मध्ययुगीन रानात डिस्को ऐकून पहिल्यांदा दचकायला होतं. पण त्याने प्रत्येक पात्राला स्वतःची सुरावट दिली आहे, आणि लहान बजेटच्या लढायांना लागतो तो वेग हे संगीतच देतं. मोठा वाद्यवृंद परवडला नसता, आणि परवडला असता तर इतर दहा सिनेमांसारखं वाजलं असतं.

पेटीत अडकलेला सिनेमा

पैसे लावले होते आयटीसी या कंपनीने. तिचे प्रमुख लू ग्रेड म्हणजे ब्रिटिश टीव्हीतलं बडं प्रस्थ. त्यांना हॉलिवूडच्या तोडीचे सिनेमे करायचे होते. अमेरिकेत ते स्वतःच लावता यावेत म्हणून आयटीसी आणि ईएमआय यांनी १९७९ साली तिथे वितरणाची संयुक्त कंपनीही काढली होती. त्याच सुमारास ग्रेड यांनी बुडालेलं टायटॅनिक वर काढण्याच्या कथेवर एक सिनेमा केला. त्याचा खर्च साडेतीन-चार कोटी डॉलरच्या घरात गेला आणि १९८०मध्ये तो साफ आपटला. त्यापेक्षा अटलांटिक खाली करणं स्वस्त पडलं असतं, असं ग्रेड स्वतःच म्हणाल्याचं सांगतात. एका पाठोपाठ सिनेमे पडले, आणि अमेरिकेतली ती वितरण कंपनी १९८१मध्ये गुंडाळावी लागली.

‘हॉक’ या सगळ्यात सापडला. अमेरिकेत थिएटरमध्ये लागण्याचा त्याचा रस्ताच बंद झाला, तिथे तो गेला टीव्ही आणि व्हिडिओच्या वाटेने. ज्या एका नावासाठी बजेटचा मोठा घास दिला, ते पॅलन्सचं नाव जिथे सगळ्यात जास्त चाललं असतं त्या बाजारातच पोस्टर लागलं नाही. दोन वर्षांनी, १९८२मध्ये, ‘कोनान द बार्बेरियन’ हा सिनेमा आला आणि तलवार-जादूच्या सिनेमांची रांग लागली. ‘हॉक’ त्या लाटेच्या आधी येऊन गेलेला होता. या प्रकरणात मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. मार्सेल आणि रॉबर्टसन यांनी सहा लाखांत जे बसवायचं ते बसवलं. सिनेमाचं नशीब ठरवलं ते त्याच्याशी काहीही संबंध नसलेल्या, पंचवीस पटींहून महागड्या दुसऱ्या एका सिनेमाने. लहान निर्माता स्वतःचा पै पैचा हिशेब ठेवतो, पण ज्याच्या हाती वितरण आहे त्याची वही त्याला बघायला मिळत नाही.

दुसरा भाग करायचा बेत होता. सिनेमाच्या शेवटी व्होल्टन मरतो, पण सैतानी शक्ती त्याला पुन्हा उठवणार अशी सोय करून ठेवली आहे, आणि हॉक नि गॉर्ट पुढच्या कामगिरीवर घोडे हाकतात. पैसे देणारीच कंपनी डबघाईला आल्यावर तो बेत तिथेच राहिला.

मधल्या काळात व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांनी आणि टीव्हीवरच्या फेरप्रक्षेपणांनी सिनेमा जिवंत ठेवला. सत्तरच्या दशकात अमेरिकेतून आलेले फासे आणि कागदांचे कल्पनारम्य खेळ ब्रिटनमधली शाळकरी पोरं तेव्हा तासन् तास खेळत होती. एक धिप्पाड, एक बुटका, एक धनुर्धर, एक मांत्रिक अशी टोळी ती रोज स्वयंपाकघरातल्या टेबलावर जमवत होती. त्यांना पडद्यावर आपलाच खेळ दिसला. ती पोरं मोठी होऊन टीव्हीत लिहायला लागली तेव्हा १९९९च्या ‘स्पेस्ड’ या मालिकेत ‘हॉक द स्लेअर’वरून बापलेकांत पेटलेलं भांडण आलं. २०१५ साली मार्सेल यांनी दुसऱ्या भागासाठी इंटरनेटवर लोकवर्गणी मागून पाहिली. चाहते होते, पण आकडा गाठला गेला नाही. मग २०२२मध्ये रिबेलियन या कंपनीने गार्थ एनिस यांच्या लेखणीतून आणि हेन्री फ्लिंट यांच्या चित्रांतून कथा पुढे नेली, कॉमिकच्या रूपात. तिथे व्होल्टन परत आला. धुराची आणि वाऱ्याची काळजी फ्लिंट यांना करावी लागली नाही, आणि रानाच्या मागची पायवाट लपवायचीही गरज पडली नाही.